डेलिश एल्फांचा अविश्वास

प्रश्न : ‘ड्रॅगन एज’ या मालिकेचे व्हिडिओ गेम मी नुकतेच खेळलो. त्यातील डेलिश हे भटके एल्फ (टोकदार कानांची काल्पनिक जमात) माणसांशी फार तुसडेपणाने वागतात. छळ सोसलेल्या समाजाला असे रंगवणे अन्यायाचे नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली अस्वस्थता रास्त आहे, मात्र २००९ साली आलेल्या पहिल्या खेळाने, ‘ओरिजिन्स’ने, या तुसडेपणाची कारणे दिली आहेत. टेव्हिंटर साम्राज्याच्या गुलामगिरीतून सुटलेल्या एल्फांना ‘डेल्स’ हा प्रदेश बक्षीस मिळाला आणि पुढे चँट्री या माणसांच्या धर्मसंस्थेने धर्मयुद्ध पुकारून तोही हिरावून घेतला. ज्यांनी शरणागती पत्करली ते शहरांतल्या तटबंद वस्त्यांत कोंडले गेले, आणि ज्यांनी ती नाकारली ते हाला नावाच्या पांढऱ्या हरणांनी ओढलेल्या गाड्यांतून रानोमाळ फिरू लागले. या युद्धाला सुरुवात कोणी केली, याचे एल्फ आणि माणसे वेगवेगळे वृत्तांत सांगतात व खेळातील नोंदवहीत दोन्ही वाचायला मिळतात.

डेलिश पात्र निवडले, तर पहिल्याच प्रसंगात आपण आणि आपला मित्र टॅमलेन जंगलात तीन माणसांवर धनुष्य रोखून उभे असतो. हे रान तुमचे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते, अशी गयावया ती माणसे करतात. त्यावर टॅमलेन सांगतो की रान आमचे नाहीच, तुम्ही आमच्या तळाच्या फार जवळ आला आहात. स्वतःची म्हणावी अशी जमीन नसलेल्या माणसाची सगळी भीती मला या उत्तरात ऐकू येते. त्या तिघांना मारायचे की सोडायचे, हे खेळाडूने ठरवायचे असते. (पारध्यांचे पाल गावाबाहेर पडले की आपल्याकडे कसे पाहिले जाते, ते आठवावे. १८७१ पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, नजर मात्र फारशी बदलली नाही.)

याच खेळातील एका डेलिश टोळीचा प्रमुख झॅथ्रियन याची कथा याहून अवघड आहे. माणसांनी त्याच्या मुलाला हाल करून मारले, मुलीवर बलात्कार केला आणि तिने पुढे आत्महत्या केली. त्याने दिलेल्या शापाने अपराधी तर संपले, पण शतकांनंतरही लांडगे होऊन जगणाऱ्यांचा त्या गुन्ह्याशी काही संबंध उरलेला नाही. त्याचे दुःख खरे आहे आणि त्याचा सूडही अन्यायी आहे, या दोन्ही गोष्टी लेखकांनी एकाच पात्रात सांभाळल्या आहेत.

माझी तक्रार आहे ती २०१४ च्या ‘इन्क्विझिशन’बद्दल. प्राचीन एल्फ आपसांतल्या लढाईनेच खचले होते आणि डेलिश ज्या गोंदणाला देवांच्या भक्तीची खूण मानतात ते मुळात गुलामांचे चिन्ह होते, असे हा खेळ सांगतो. कथेला कलाटणी देण्यासाठी हे प्रभावी असेल, पण ज्यांच्याकडे स्मृतीखेरीज काहीच उरले नव्हते त्यांची स्मृतीही खोटी ठरवल्याने, दोष पुन्हा पीडितांच्याच पदरी पडतो. एल्फ नायिकेची तिचा सोबती असलेल्या सोलास या एल्फ जादूगाराशी प्रीती जुळली, तर तो तिच्या चेहऱ्यावरचे गोंदण पुसून देऊ पाहतो. तिला नकार देता येतो. मी नकार दिला, कारण पिढ्यान्‌पिढ्या ते गोंदण मिरवणाऱ्यांनी त्याला दिलेला अर्थही मला तितकाच खरा वाटतो.