लहानपणी पाण्याखाली मिळालेली शांतता चित्रात कशी आणावी?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी विहिरीत बुडी मारली की सगळं शांत व्हायचं. आता त्यावर चित्रमालिका करायची आहे, पण कागदावर दर वेळी निळं पाणी आणि बुडबुडेच उतरतात. मी नेमकी इथेच काही वर्षं अडकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर गोव्यात, तिस्क-उसगावच्या रस्त्याला. २०१२ मध्ये खाणी बंद व्हायच्या आधी तिथून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. खिडकीची तावदानं थरथरायची, दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत तांबडे व्हायचे. मे महिना लागला की आई आम्हाला आजोळी, सावईवेऱ्याला धाडायची. मामांच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, वरच्या अंगाला चिऱ्यांनी बांधलेलं तळं होतं, झरीच्या पाण्याचं. पोफळींना पाट जायचा तो तिथूनच. दोन असोले नारळ सुंभाने एकत्र बांधून मामांनी मला त्यावर पोहायला शिकवलं. पण मला आवडायचं ते नारळ सोडून खाली जाणं. पाण्यातल्या शेवटच्या पायरीची कड धरून जमेल तेवढा वेळ बसून राहायचं.

मामांच्या हाका खाली पोचत नसत. हवेतला आवाज बहुतेक सगळा पाण्याच्या पृष्ठभागावरूनच मागे फिरतो. म्हणून ते पायरीवर गोटा आपटायचे. तो ठोका मात्र लख्ख ऐकू यायचा, आणि डोक्याच्या आतच कोणीतरी वाजवल्यासारखा वाटायचा. वर आले की मामा म्हणायचे, "पुरो गो आतां!"

हे असं का व्हायचं ते मी मोठेपणी वाचलं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात १५०० च्या आसपास. डाव्या आणि उजव्या कानाला तो पोचण्यातलं वेळेचं अंतर इतकं कमी होतं की मेंदूला दिशा ठरवताच येत नाही. घरी ट्रक आला की आपोआप मान वळायची, इकडून तिकडे. तळ्यात मान वळवायला बाजूच उरत नव्हती. शिवाय श्वास रोखून गार पाण्यात चेहरा बुडवला की हृदयाचे ठोके मंदावतात, ही सस्तन प्राण्यांच्या शरीराची उपजत सवय आहे. म्हणजे तुम्हाला जे शांत वाटायचं तो नुसता बालपणाचा गोडवा नाही, ते तुमच्या अंगात खरंच घडत होतं. चित्र तिथून सुरू करा. पाणी कसं दिसायचं ते सोडा, पाण्याने तुमचं काय केलं ते काढा.

पणजीच्या कला महाविद्यालयात असताना मी याच विषयावर एक मोठं चित्र केलं होतं. निळ्या पाण्यात केस पसरलेली मुलगी, वर जाणारे बुडबुडे. आमच्या सरांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या तळ्याचं पाणी निळं होतं?" नव्हतं. शेवाळाचं पाणी निळा आणि तांबडा दोन्ही प्रकाश शोषतं, उरतो तो हिरवा. बाहेर लालभडक दिसणारे चिरे खाली काळपट तपकिरी दिसायचे. माझ्या सगळ्या आठवणीत निळा रंग एका थेंबाएवढाही नव्हता, तरी मी तो अख्ख्या कॅनव्हासभर लावला होता. तुमच्या विहिरीचा रंग कोणता होता? आधी तेवढंच आठवून छोट्या कागदावर पट्टे काढा. माझे त्यातच दोन महिने गेले, आणि त्याचा फार उपयोग झाला.

दुसरी गोष्ट, खालून वर पाहा. पाण्याखालून बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका उजळ गोलात गोळा होतं, साधारण ९७ अंशांच्या. त्याच्या पलीकडे पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात तळच दिसतो. मला त्या गोलात चारी बाजूंनी वाकून आलेल्या पोफळी दिसायच्या, कडा विरघळलेल्या, कारण पाण्यात उघड्या डोळ्यांना काही नीट टिपता येत नाही. ही रचना मी अजून वापरते.

कडा विरघळवायचा रस्ता मला आंजेलो द फोन्सेकांच्या चित्रांमुळे सापडला. हे आपल्या गोव्याचे, सांतेस्तेव बेटावरचे. जन्म १९०२ चा. ते बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे, जमलं तर जरूर बघा. अवनींद्रनाथांच्या वॉश पद्धतीत जलरंग लावायचा, वाळू द्यायचा, मग अख्खा कागद पाण्यात बुडवायचा. सैल रंग निघून जातो, जो कागदाच्या पोटात शिरला तेवढा उरतो. पुन्हा रंग, पुन्हा बुडी. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खरंच रडले. चित्रालाही खाली जाऊन थांबावं लागतं!

आठवण ताजी करायला पाण्यात उतरणार असाल तर एकटे उतरू नका. आधी भराभर खोल श्वास घेऊन मग बुडी मारणं तर मुळीच नको. त्याने श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते आणि चांगला पोहणाराही पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो.

कागद जाड, चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा, सुती घ्या. मी आधी स्वस्तातला पातळ घेत होते, तो तिसऱ्या बुडीलाच फाटायचा. ट्रे कागदाहून चार बोटं मोठा हवा. आणि कागद बाहेर काढताना एका कोपऱ्याला धरून हळू, तिरका उचला, म्हणजे पाणी एकाच बाजूने निथळतं.