व्हायरल आजारातून बरं झाल्यावरही मन उदास राहतं, खाण्यापिण्याने फरक पडतो का?

पडतो, पण हळूहळू. आणि एकट्या आहाराने सगळं होईल असं समजू नका.

ताप उतरला तरी शरीरातला दाह (इन्फ्लमेशन, आतली सूज) काही आठवडे रेंगाळू शकतो. प्रथिनांतून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून मेंदू सेरोटोनिन हे मनःस्थिती सांभाळणारं रसायन बनवतो. दाह असताना ट्रिप्टोफॅनचा नेहमीपेक्षा जास्त भाग दुसऱ्याच मार्गाला वळतो. म्हणजे ही उदासी ‘मनाचे खेळ’ नव्हे. त्यात तोंडाला चव नसते, स्वयंपाकाचं त्राण नसतं, मग चहा-बिस्किटांवर दिवस निघतो. अशक्तपणा वाढतो, चिडचिडही.

ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्माइल्स’ चाचणीत नैराश्याचे ६७ रुग्ण होते. १२ आठवडे भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार घेणाऱ्यांपैकी सुमारे ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले. आहाराऐवजी ज्यांना नुसती गप्पांची सोबत मिळाली, त्यांच्यात ८ टक्के. चाचणी लहान होती आणि हे रुग्ण व्हायरल आजारातून उठलेले नव्हते, पण दिशा कळते.

सुरुवातीला मोठं ताट समोर घेऊच नका, बघूनच नको वाटतं. दर तीन तासांनी थोडं खा: उकडलेलं अंडं, वाटीभर दही, मऊ शिजवलेली डाळ, एखादं फळ. दर खाण्यात प्रथिनं हवीतच. पाणी पीत राहा, दारू टाळा. महागड्या ‘इम्युनिटी’ पावडरी मी तरी घेणार नाही. त्यापेक्षा हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांकडे जाच. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच.