जुन्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकण्याआधी

दादा, घाई करू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बदलायला हवंच. पण मशीनला झेपतं का ते आधी बघा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे ॲप चालवलं की कळतं. बसत नसेल तर जबरदस्ती नको, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका. फुकट आहे, मराठी टायपिंगही होतं.

बॅकअप मात्र आधी. फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि तिथूनच दोन-चार फाइली उघडून बघा. जुने मराठी फॉन्टही कॉपी करा. माझ्या वडिलांचे सगळे अर्ज तसल्या फॉन्टमधले होते. फॉन्ट गेला आणि ‘अर्जदार’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं न् चिन्हं दिसायला लागली. चार दिवस जीव खालीवर होत होता.

आणि लाइटचं बघा. आपल्या परभणीकडं उन्हाळ्यात कधी जाईल नेम नाही. माझं काम ६० टक्क्यांवर अडकलं होतं. इन्व्हर्टर पूर्ण चार्ज असेल तेव्हाच, सकाळी सुरू करा.

जुनी हार्ड डिस्क असेल तर त्याच वेळी तिच्या जागी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवून घ्या. फरक लगेच जाणवतो.