मुंबईत माहीमच्या खाडीतील तिवरे (खारफुटीची झाडे) हिरवीगार दिसतात, मग प्रदूषणाने त्यांच्या मुळांचे नेमके काय बिघडते?

हिरवेपणावर जाऊ नये. सांडपाण्यातील नत्र पानांना पोसतेच, बिघाड चिखलात होतो. चिखलातून वर आलेली तिवराची बोटाएवढी श्वसनमुळे हवेतील ऑक्सिजन खाली नेतात आणि त्यातला थोडा बारीक मुळांच्या टोकांतून पाझरत असल्यामुळे भोवती एक पातळ थर तयार होतो, ज्यात विषारी सल्फाइडचे निरुपद्रवी सल्फेट करणारे जिवाणू तग धरतात. मिठी नदीतून येणारे मैलापाणी कुजताना हाच ऑक्सिजन संपवते. मग सल्फेटचे पुन्हा सल्फाइड करून जगणारे जिवाणू माजतात, हायड्रोजन सल्फाइड वाढतो (ओहोटीचा सडक्या अंड्यांचा वास त्याचाच, अर्थात स्वच्छ खाडीतही तो थोडा असतोच) आणि मुळांची टोके काळी पडून मरतात. मैलापाण्यातून आयता अमोनिया मिळाल्याने नत्र स्थिर करणाऱ्या, म्हणजे हवेतील नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणणाऱ्या जिवाणूंचे कामही मंदावते.

शिसे, तांबे यांसारखे धातू सल्फाइडशी बांधले जाऊन बरेचसे चिखलातच अडकतात. चिखल उपसला की ते मोकळे होतात. तेल मात्र माझ्या मते सर्वांत घातक, कारण ते श्वसनमुळांची छिद्रेच बुजवते. २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाल्यावर सांडलेले तेल असेच खारफुटीत शिरले होते.