‘पैसे परत मिळणार नाहीत’ या कागदावर सही केली, आता काय?

प्रश्न: आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. बाबांना फुप्फुसाचा कर्करोग आहे, उपचार गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात चालू होते. परराज्यातल्या एका क्लिनिकने त्यांचंच रक्त काढून, त्यातल्या प्रतिकारपेशी वाढवून परत शरीरात सोडायचे सहा डोस ठरवले. ‘सरकारमान्य कार-टी या पेशी-उपचारासारखंच’ म्हणाले. नऊ लाख आगाऊ घेतले. दोन डोसांनंतर बाबा फार खचले, पुढचे थांबवले. उरलेले पैसे मागितले तर सही केलेला इंग्रजी फॉर्म पुढे करतात.

उत्तर: सही केली म्हणून सगळं संपलं, असं समजू नका. पण ‘बाबा बरे झाले नाहीत’ यावर तक्रार उभी करू नका, तिथेच ती पडते. गुण आला नाही एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. पैसे घेताना तुम्हाला खरं सांगितलं का, हा तुमचा मुद्दा.

आणि खरं सांगितलेलं दिसत नाही. २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेली नेक्सकार-१९ ही कार-टी उपचारपद्धती रक्ताच्या ठरावीक कर्करोगांसाठी आहे, फुप्फुसाच्या नव्हे. तिचं नाव पुढे करून भेदरलेल्या घराकडून नऊ लाख घेतले, याची मला चीड येते. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय रुग्णाला समजावल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे. बाबांना तो फॉर्म मराठीत कुणी समजावला होता का? त्यात ‘प्रायोगिक’ किंवा ‘संशोधन’ असा शब्द आहे का, तेही बघा. असेल तर तो तुमच्याच कामाचा, कारण संशोधनाचा खर्च रुग्णाच्या माथी मारू नये, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

आजच लेखी अर्ज करून सगळे केसपेपर मागा, डॉक्टरांना ते ७२ तासांत द्यावे लागतात. त्याच अर्जात या पेशींसाठी कुठली सरकारी मान्यता आहे, तेही विचारा. पावत्या, व्हॉट्सॲपचे मेसेज जपून ठेवा. कर्करोग बरा करण्याची जाहिरात केली असेल तर औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४च्या कायद्याने तो स्वतंत्र गुन्हा आहे.

मग नोटीस, आणि दाद दिली नाही तर पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. क्लिनिक परराज्यात असलं तरी तुम्ही राहता तिथे ती करता येते. मुदत दोन वर्षं, नऊ लाखांच्या व्यवहाराला शुल्क दोनशे रुपये. पैसे तुम्ही भरलेत, म्हणजे बाबांबरोबर तुम्हीही ग्राहक.

केसपेपर मिळाले की पहिली प्रत वकिलाकडे नको, गोमेकॉतल्या डॉक्टरांना द्या. बाबांच्या शरीरात काय सोडलंय, हे आधी त्यांना कळायला हवं.