मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने: सलग जावं की थांबत थांबत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३० फुटी क्रूझिंग बोट, २० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, माणसं दोनच, महिना जानेवारी. गेटवेसमोरून निघून गोव्यापर्यंत सलग जावं की दर रात्री नांगर टाकावा?

दोघंच असाल आणि हा किनारा पहिल्यांदा करत असाल तर दर रात्री थांबा. कारण वारा नाही, कारण जाळी. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, पण आधी वाऱ्याचं वेळापत्रक समजून घ्या. सगळा बेत त्यावरच बसतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी या किनाऱ्यावर दिवसाचे दोन वारे असतात. मध्यरात्रीनंतर जमिनीकडून मतलई वारा सुटतो, ईशान्य ते पूर्व, साधारण ५ ते १० नॉट (ताशी सागरी मैल). तो किनाऱ्याजवळच मिळतो. चार-पाच मैल बाहेर गेलात की विरळ होत जातो. सकाळी दहा-अकरापर्यंत तो पडतो. मग तास-दोन तास समुद्र तेलासारखा, आणि शिडं नुसती फडफडतात. दुपारी बारा-एकच्या सुमारास पश्चिमेकडून खारा वारा येतो, हळूहळू वायव्येला वळतो आणि तीन-चार वाजता १२ ते १८ नॉट भरतो. सूर्यास्तानंतर तो बसतो. म्हणजे सकाळी किनाऱ्यापासून दोन-तीन मैलांवर राहून मतलई घ्यायचा, मधल्या पोकळीत इंजिन चालवायचं, दुपारी वायव्येवर दक्षिणेला पळायचं आणि अंधाराआधी खाडीत शिरायचं.

अंतर साधारण २२५ सागरी मैल. ३० फुटी बोटीची सरासरी साडेचार नॉटच धरा. चांगल्या दुपारी सहा मिळतील, पण ते सकाळच्या पोकळीत परत जातात. सलग गेलात तर ५० तास, म्हणजे दोन रात्री. जानेवारीत उजेड अकरा तास, म्हणून दिवसाचा टप्पा ४०-४५ मैलांचा.

निघायचा दिवस ठरवताना पंचांग काढा. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. छापील भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ हवंच, पण बेत आखायला एवढं पुरतं. अष्टमीला सकाळी सहाला भरती पुरी होते, म्हणजे साडेसहाला नांगर उचललात तर ओहोटीच तुम्हाला मुंबई बंदराबाहेर काढते. दुपारी बाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, आणि चार-पाच वाजता पुढच्या खाडीत शिराल तेव्हा पाणी चढतं असतं. शिवाय अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे प्रवाह सौम्य. उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, आणि उलट्या प्रवाहात बंदर सोडण्यात दोन तास सहज जातात. दक्षिणेला जाल तशी भरती थोडी आधी येते आणि फरक कमी होत जातो. अष्टमी शक्यतो वद्य पक्षातली घ्या. पहाटे निघाल तेव्हा चंद्र वर असेल, आणि पहाटे निघावं लागणारच आहे.

टप्पे असे. पहिला दिवस मुंबई ते जंजिरा, सुमारे ४० मैल. प्रोंग्ज दीपगृहाच्या खडकांना भरपूर जागा द्या, जहाजांचा मार्ग काटकोनात ओलांडा, खांदेरीच्या बाहेरून जा. व्हीएचएफ रेडिओचं चॅनेल १६ सतत चालू ठेवा. मुरूडला पद्मदुर्ग आणि किनारा यांच्यामधून जाण्याचा मोह टाळा, तिथे खडक आहेत. राजपुरी खाडीच्या मुखात जंजिरा दिसतो. त्याच्या आत गाळात नांगर चांगला धरतो. दक्षिणेला दिघी बंदराची जहाजं येतात-जातात, त्यांच्या वाटेत नांगरू नका.

दुसरा टप्पा सगळ्यात अवघड. जयगड ६० मैल, दाभोळ ४५. दाभोळला वाशिष्ठीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. चढत्या पाण्याच्या शेवटच्या दोन तासांतच तो ओलांडा. ओहोटीचा प्रवाह बाहेर येत असताना समोरून लाटा आल्या की त्या दांड्यावर उभ्या राहतात आणि फुटतात. बाहेरून पाहताना लाटांची पाठच दिसते, फेस दिसत नाही, त्यामुळे पाणी शांत वाटतं. ही फसगत कोकणातल्या प्रत्येक खाडीच्या मुखाशी होऊ शकते. शंका आली तर बाहेरच थांबा किंवा पुढे जा. त्यापेक्षा पहाटे तीनला जंजिऱ्याहून निघून थेट जयगड गाठणं बरं. शास्त्री नदीचं मुख रुंद आहे, मोठी जहाजं येतात म्हणून खोली आणि बोयरे भरवशाचे आहेत. जयगडचं टोक उजव्या हाताला ठेवून आत जा आणि बंदराच्या धक्क्यांपासून दूर, खाडीत आणखी आत नांगरा. मध्येच दमलात तर हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला थांबता येतं, पण तिथे बोट रात्रभर डोलते.

तिसरा दिवस जयगड ते विजयदुर्ग, ४७ मैल. हा या किनाऱ्यावरचा माझ्या मते सगळ्यात चांगला निवारा. किल्ल्याच्या समुद्राकडच्या बाजूला पाण्याखाली जुनी दगडी भिंत आहे. किल्ल्यापासून निदान अर्धा मैल पश्चिमेला राहून त्याच्या उत्तरेच्या बाजूला या, मग किल्ला उजव्या हाताला ठेवून पूर्वेला आत शिरा. इथे एक दिवस जास्त थांबलात तरी वाया जात नाही: पाणी, डिझेल, भाजी सगळं भरून घ्या.

पुढे मालवण ३२ मैलांवर आहे, पण सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक. स्थानिक माणूस बोटीवर नसेल तर पहिल्या खेपेला मालवणात शिरूच नका. देवगड आतल्या बाजूला छान बंदिस्त आहे, पण विजयदुर्गापासून बारा मैलच. त्यामुळे एक तर देवगडला रात्र काढून पहाटे दोनला गोव्यासाठी निघा, नाहीतर विजयदुर्गाहून वेंगुर्ला गाठा, ४५ मैल, आणि उरलेले २७-२८ दुसऱ्या दिवशी. वेंगुर्ला रॉक्स हा खडकाळ बेटांचा पुंजका किनाऱ्यापासून बराच बाहेर आहे. त्यावर दीपगृह आहे, तरी अंधारात त्याच्या आतून जाऊ नका. गोव्यात आग्वादच्या टोकाच्या दक्षिणेला, आग्वादच्या उपसागरात वायव्य वाऱ्यापासून आडोसा मिळतो. मांडवीत जाण्याची घाई नको, तिच्या मुखाशीही दांडा आहे.

आता जाळी. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यालगत डोल जाळ्यांचे खुंट आणि बोयरे असतात. ते एका जागी असतात आणि दिवसा दिसतात. त्याबाहेर वाहती जाळी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी लांबच लांब भिंत. एका टोकाला बांबूवर काळं फडकं किंवा लुकलुकता बॅटरीचा दिवा, दुसऱ्या टोकाला बहुधा होडी, मध्ये थर्माकोलचे तुकडे. एआयएसवर, म्हणजे जहाजांची जागा दाखवणाऱ्या यंत्रावर, जहाजं दिसतात, जाळी दिसत नाहीत. रात्री चारही बाजूंना दिवे लुकलुकतात आणि कोणता दिवा कोणाच्या जोडीचा हे कळत नाही. होडीवरून कोणी टॉर्च हलवत असेल तर तो तुम्हालाच आहे: वेग कमी करा आणि तो दाखवतो त्या बाजूला वळा. ओरडून विचारायला लाजू नका, "दादा, जाळं कुठवर आहे?" एवढं पुरतं. दिवसा झेंड्यांची रांग दिसली तर होडी नसलेल्या टोकाला वळसा घाला.

जाळ्यावर गेलातच तर पहिलं काम इंजिन न्यूट्रल करून बंद करणं. किल्ली काढून खिशात ठेवा. शिडं उतरवा. जाळं फक्त कीलला (बोटीच्या तळाच्या कण्याला) किंवा सुकाणूला अडकलं असेल तर बोटहुकने खाली दाबलं की बहुतेक वेळा बोट मागे सरकून सुटते. ते कापणं हा शेवटचा उपाय. त्या जाळ्यावर एका घराचा हंगाम असतो, आणि कापलेला तुकडा तसाही तुमच्याच पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जातो. पंख्याला दोर गुंडाळला असेल तर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने उलटा फिरवून पाहा, एक जण वरून दोराचं टोक ताणून धरेल. नाही सुटलं तर मास्क लावून खाली उतरावं लागतं. कमरेला दोर, डोक्यावर सायकलचं हेल्मेट, हातात करवतीचं पातं. घर्षणाने वितळून घट्ट झालेल्या नायलॉनवर चाकू चालत नाही, हॅकसॉ चालतो. लाटा असतील तर उतरू नका, वरखाली होणारी पिछाडी डोकं फोडते. शिडांवर पुढच्या खाडीपर्यंत जा आणि शांत पाण्यात हे काम करा. शिडाची बोट घेतली ती याचसाठी.

सलग जाणाऱ्यांना दोन रात्री हे सगळं अंधारात करायचं असतं, तेही एक जण झोपलेला असताना. चार माणसं असतील तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

दुपारच्या वाऱ्यात एक नेहमीची चूक होते. मार्ग दक्षिण-आग्नेय, वारा वायव्य, म्हणजे तो उजव्या पिछाडीवरून येतो. बोट सहा नॉटने पळते, खरा वारा १८, पण डेकवर जाणवतात बाराच. सगळं छान वाटतं आणि मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, पूर्ण वर राहतं. मग काही कारणाने वाऱ्याकडे तोंड करायची वेळ आली की अचानक वीस-बावीस नॉट अंगावर येतात. म्हणून खरा वारा १५ झाला की पहिला रीफ घ्या, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करा, डेकवर कितीही शांत वाटलं तरी. बूमच्या (मुख्य शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) टोकापासून पुढे नाळीपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, दोर नेऊन प्रिव्हेंटर बांधा, बूम रोखून धरायला. मागच्या लाटेने बोट डोलली की बूम उलटं फिरतं, आणि दोघांच्या बोटीवर एकाला लागलं की उरला एकच. ऑटोपायलट असला तरी या वेळात एक जण सुकाणूजवळ हवा.

नांगर निदान १० किलोचा, १५ चा असेल तर झोप लागते. ८ मिलिमीटरची साखळी ३० मीटर आणि तिला जोडून १४ मिलिमीटरचा नायलॉन दोर ४० मीटर. किती सोडायचं हे आत्ताच्या खोलीवर ठरवू नका. आत्ता ४ मीटर, अजून दोन मीटर पाणी चढणार, नाळीची उंची एक मीटर, एकूण ७. नुसती साखळी असेल तर त्याच्या पाचपट, दोर जोडला असेल तर सातपट. म्हणजे ३० मीटर साखळी इथे पुरत नाही, दोर सोडून एकूण ४९ मीटर हवं. टाकल्यावर इंजिन रिव्हर्समध्ये अर्ध्या जोरावर अर्धा मिनिट ओढून बघा. संध्याकाळी वायव्य, पहाटे ईशान्य, मध्ये प्रवाह दोनदा उलटतो, त्यामुळे बोट पूर्ण गोल फिरते. त्या वर्तुळात मच्छीमार होडी किंवा उथळ जागा नको.

डिझेल: हे इंजिन तासाला दोन-अडीच लिटर पितं. २५-३० तास चालेल असं धरा, ७५ लिटर, वर राखीव २५. वाटेत मरिना नाहीत. गावच्या पंपावरून रिक्षाने कॅन आणावे लागतात. कॅनमधलं डिझेल जाळीच्या नरसाळ्यातून गाळून घ्या. दोन जादा फिल्टर, एक इम्पेलर (थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंपाचं पात्यांचं चाक), एक पट्टा जवळ हवेत. इंजिन तापलं तर आधी एक्झॉस्टमधून पाणी येतं का बघा. येत नसेल तर पाण्याच्या इनलेटची गाळणी उघडा. प्लास्टिकची पिशवी किंवा जेलीफिश, दोन्ही या किनाऱ्यावर मुबलक. गाळणी साफ असूनही पाणी नाही, तर इम्पेलरची पाती तुटलेली असतात. तुटलेले तुकडे मोजून बाहेर काढा, राहिलेला तुकडा हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन अडकतो.

कागदपत्रं: नोंदणी, विमा, व्हीएचएफचा परवाना, दोघांची ओळखपत्रं आणि माणसांच्या यादीच्या चार-पाच प्रती. सागरी पोलीस बहुतेक बंदरांत विचारपूस करतात, आधीच ठाण्यात कळवलंत तर दहा मिनिटांत संपतं. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परवान्याशिवाय बाळगू नका, परदेशातून बोट घेऊन आलेले लोकही यात अडकले आहेत. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. रोज संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज वाचा.

जानेवारी निवडलात हे योग्यच. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा समुद्र सुंदर दिसतो, पण २००९ चं फयान चक्रीवादळ नोव्हेंबरात आलं आणि २०२१ चं तौक्ते मे महिन्यात. मार्चअखेरीपासून दुपारचा वारा चढत जातो, आणि एप्रिल-मेमध्ये नैर्ऋत्येची लाट खाड्यांच्या मुखांवर फुटू लागते.

परतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तोच खरा कठीण भाग आहे, कारण दुपारचा वारा थेट तोंडावर. तेव्हा वेळापत्रक उलटं करा: पहाटे दोन-तीनला निघायचं, मतलई उजव्या हाताने घेत किनाऱ्याला धरून वर जायचं, सोबत इंजिन, आणि दुपारी एकच्या आत नांगर टाकायचा. टप्पे ३० मैलांपेक्षा मोठे धरू नका आणि डिझेल जातानाच्या दीडपट घ्या. अंधाराचे तीन-चार तास यात येतातच. त्यातला पहिला अर्धा तास तुम्ही आदल्या दिवशी उजेडात आत आलात त्याच रेषेवरून बाहेर पडा, म्हणून येताना प्लॉटरवर (जीपीएस नकाशाच्या पडद्यावर) ती रेषा नोंदवायला विसरू नका.