फुफ्फुसात पांढऱ्या पेशी असताना टीबी होतोच कसा, आणि इम्युनिटी वाढवली तर टळतो का?

मी लॅब टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे स्लाइडवर जे बघते त्यावरून सांगते.

सायटॉलॉजीला, म्हणजे पेशी तपासायला, बेडका येतो तेव्हा निम्म्या वेळा डबीत नुसती थुंकीच असते. माल खरंच छातीतून आलाय की नाही ते ओळखायचं कसं, तर मॅक्रोफेज शोधायचे, म्हणजे कचरा आणि जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. मोठ्या गोल पेशी असतात, शहरातल्या माणसाच्या असल्या तर पोटात काळे कण, ती गिळलेली काजळी, आणि बिडी-सिगरेटवाल्याच्या असल्या तर तपकिरी. आम्ही त्यांना डस्ट सेलच म्हणतो. हवेच्या फुग्यांमधल्या या सफाई कामगार, आणि बहुतेक वेळा गपचूप गिळतात, कारण फुग्याची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी पातळ, तिथे प्रत्येक कणावर सूज आणत बसल्या तर श्वास कसा घेणार आपण?

आता टीबीचा जंतू. त्यालाही मॅक्रोफेजच गिळतो, पण गिळलेलं ज्या अ‍ॅसिडच्या पिशवीत जिरवायचं तिच्यापर्यंत हा पठ्ठ्या पोचतच नाही, वाटेतच अडून बसतो आणि त्याच पेशीत पोरंबाळं वाढवतो. म्हणजे पहारेकऱ्याच्याच घरात चोर! मग काही आठवड्यांनी टी-सेल्स, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, येतात आणि सगळे मिळून त्याच्याभोवती गाठ बांधतात, ग्रॅन्युलोमा. टीबीची लागण बघायला हातावर टोचतात त्या मांटू टेस्टला 48 ते 72 तासांनी हात सुजतो ना, ते या टी-सेल्सचंच काम. लागण झालेल्यांपैकी साधारण 5 ते 10 टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, बाकीच्यांची गाठ टिकते. एचआयव्हीत टी-सेल्स कमी झाले की ती फुटते, संधिवाताची काही इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबी तपासतात तेही म्हणूनच.

पण एक्स-रेमध्ये फुफ्फुसाला पडलेलं भोक दिसतं ते बरंचसं आपल्याच पेशींच्या एन्झाइम्सनी पाडलेलं असतं, त्यामुळे "इम्युनिटी वाढवा" हे काढेवाल्यांचं बोलणं मला पटत नाही, वाढवायची म्हणजे नेमकी कुठली? कोविडमध्ये 2020 साली ऑक्सिजनवरच्या पेशंटना डेक्सामेथासोनने वाचवलं, ते तर इम्युनिटी दाबणारं औषध.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर काढा पीत बसू नका, टेस्ट करा. आणि सकाळी उठल्यावर चूळ भरून खोलवरून खाकरून काढलेला बेडका द्या हो, थुंकी नको.